उसळी मोजली गेली, तेव्हा ट्रॅम्पोलिनचा खेळ झाला

मांजलपूरच्या एका ताईंनी विचारलं आहे. मुलगी 10 वर्षांची, लहानपणापासून मल्लखांब करते. व्हेकेशनमध्ये भावंडांबरोबर ट्रॅम्पोलिन पार्कला गेली आणि तेव्हापासून तिने 'खरं ट्रॅम्पोलिन' शिकायचा हट्ट धरलाय. सासऱ्यांचं मत असं की हे सर्कशीतलं काम, याला खेळ कोण म्हणतं? तर हा खेळ आला कुठून, खेळ म्हणून मान्यता कधी मिळाली, आज तो कुठे आहे, आणि मुलीला घालावं की नाही?

ताई, मी बडोद्यात बरीच वर्षं जिम्नॅस्टिक्स शिकवते आणि पंचाचं कामही करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या सासऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. ट्रॅम्पोलिन सर्कशीतूनच आलं. पण तिथून ते ऑलिम्पिकला कसं पोचलं हे कळलं, की मुलीला कुठे आणि कशी घालायची हेही आपोआप कळेल.

सर्कस म्हटलं की नाक मुरडायचं कारण नाही. विष्णुपंत छत्र्यांनी 1880 च्या सुमाराला ग्रेट इंडियन सर्कस उभी केली, तेव्हापासून मराठी माणसाला झुल्यावरची कसरत माहीत आहे. झुल्यावरचे कसरतपटू खेळ संपला की खालच्या जाळीत उडी टाकतात आणि जाळी त्यांना पुन्हा वर फेकते. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या जॉर्ज निसेन नावाच्या मुलाने हे पाहिलं. त्याचा जन्म 1914 चा, अंगात जिम्नॅस्टिक्स भिनलेलं. त्याच्या मनात आलं, खेळ संपल्यावर जाळीत एकदाच उसळायचं कशाला? उसळत राहता आलं तर? 1930 मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याने आईवडिलांच्या गॅरेजमध्ये भंगारातलं लोखंड आणि कॅनव्हास जोडून पहिली चौकट बनवली. ती फारशी उसळत नव्हती. पुढे आयोवा विद्यापीठात लॅरी ग्रिसवोल्ड हे त्याचे प्रशिक्षक झाले आणि 1934 मध्ये दोघांनी मिळून आजच्या ट्रॅम्पोलिनचा पूर्वज म्हणता येईल असं साधन तयार केलं: लोखंडी अँगलची चौकट, मध्ये ताणलेलं कॅनव्हास, कडेने स्प्रिंगा. निसेन स्वतः टंबलिंगमधला, म्हणजे जमिनीवरच्या सलग कोलांट्यांमधला, अमेरिकी विद्यापीठांचा विजेता होता, त्यामुळे काय हवंय हे त्याला अंगाने ठाऊक होतं.

कॉलेजनंतर तो दोन मित्रांना घेऊन मेक्सिकोत कसरतीचे खेळ करत फिरला. तिथल्या स्पॅनिशमध्ये पोहण्याच्या तलावावरच्या उडीच्या फळीला जो शब्द आहे, तोच त्याने थोडा बदलून आपल्या मालाला दिला आणि ट्रेडमार्क घेतला. हे नाव इतकं रुळलं की पुढे त्यावर त्याची मालकी राहिली नाही. माल विकायला त्याने काय काय केलं! 1960 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये तो चक्क कांगारूबरोबर उड्या मारत होता. तो फोटो आजही सगळीकडे दिसतो. त्यात त्याने कांगारूचे पुढचे पंजे हातात धरले आहेत, कारण ते धरले की कांगारू लाथ मारत नाही, हे त्याला कळलं होतं. मुलीला दाखवा, तिला आवडेल.

या साधनाला गंभीर काम पहिल्यांदा मिळालं ते दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकी नौदलाने वैमानिकांच्या प्रशिक्षणात ट्रॅम्पोलिन आणलं. विमान उलटंपालटं होतं तेव्हा आपण कुठे आहोत, जमीन कुठल्या बाजूला आहे, हे शरीराला कळलं पाहिजे, आणि जमिनीवर राहून हे शिकवायला ट्रॅम्पोलिनसारखं दुसरं काही नव्हतं. पुढे अंतराळवीरांच्या तयारीतही ते वापरलं गेलं. आजही कोचचं मुख्य काम हेच असतं. हवेत असताना मुलाला 'मी आत्ता कुठे आहे' हे कळायला हवं, कोलांट्यांची गिनती त्यानंतर.

युद्धानंतर अमेरिकी शाळा-कॉलेजांत ट्रॅम्पोलिन झपाट्याने पसरलं. युरोपात त्याचा प्रसार केला इंग्लंडच्या टेड ब्लेक आणि स्वित्झर्लंडच्या कुर्ट बेखलर यांच्यासारख्या माणसांनी. मग आलं 1964. मार्चमध्ये फ्रँकफर्टला आंतरराष्ट्रीय ट्रॅम्पोलिन महासंघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पहिली जागतिक स्पर्धा भरली. पुरुषांत डॅन मिलमन, स्त्रियांत ज्युडी विल्स, दोघंही अमेरिकन. ज्युडी विल्स त्यापुढे 1968 पर्यंत दर वेळी जिंकत राहिली. पुरुषांनीसुद्धा तिच्या उड्या अभ्यासाव्यात, असं तिचं काम होतं. सासऱ्यांना सांगा, खेळ म्हणून या प्रकाराचं वय तिथपासून मोजायचं. नियमावली, पंच आणि दोन देशांतल्या खेळाडूंना एका मापाने तोलण्याची सोय 1964 मध्ये झाली.

मल्लखांबाचंही काही वेगळं नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो नावारूपाला आणला तो पैलवानांचा व्यायाम म्हणून. आपल्या शहरात सयाजीराव महाराजांच्या राज्यात व्यायामशाळांना मान होता, राजरत्न माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाम मंदिरात पिढ्या घडवल्या, पण तेव्हाही मल्लखांब म्हणजे प्रामुख्याने तालमीतली मेहनत. स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा 1981 मध्ये उज्जैनला भरल्या. तुमच्या घरात मल्लखांबाला आज खेळ म्हणतात ना, मग ट्रॅम्पोलिन त्या रांगेत त्याच्याही पुढे उभं आहे.

आता या इतिहासातला भाग जो पालकांनी नीट वाचावा. ज्या अमेरिकेत हा खेळ जन्मला, तिथेच तो 1970 च्या दशकात जवळजवळ बुडाला. 1960 च्या आसपास तिथे रस्त्याकडेला पैसे देऊन उड्या मारायची केंद्रं निघाली होती. जमिनीत खड्डे, वर ताणलेलं कापड, आणि शिकवणारं कुणी नाही. शाळांतही एका ट्रॅम्पोलिनवर दोन-तीन मुलं एकदम. मानेच्या आणि मणक्याच्या दुखापती वाढल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, विम्याचे हप्ते वाढले. विद्यापीठांच्या स्पर्धांतून ट्रॅम्पोलिन गेलं. 1977 मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने शाळांमधून ट्रॅम्पोलिन बंद करावं अशी शिफारस केली. 1999 मध्ये घरगुती ट्रॅम्पोलिनबद्दलही तसंच सांगितलं आणि 2012 मध्ये पुन्हा बजावलं. त्यात एक गोष्ट स्पष्ट आहे: सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकाच वेळी एकाहून जास्त जण उड्या मारत असताना होतात, आणि त्यांतही मार बसतो तो सगळ्यांत लहान मुलाला. कारण सरळ आहे. मोठा माणूस खाली दाबतो तेव्हा कापडात साठलेला जोर, त्याच क्षणी लहान मूल खाली आलं तर सगळा त्याला मिळतो. ते न ठरवलेल्या उंचीवर, न ठरवलेल्या दिशेला फेकलं जातं. ताई, पार्कमध्ये तुमच्या मुलीने काय केलं ते मला माहीत नाही, पण 'एका चौकोनात एकच मूल' हा नियम पाळला जात नसेल, तर तिथे तिला सोडू नका. या एका बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही.

अमेरिका मागे पडली तशी सोव्हिएत संघाने आणि युरोपने आघाडी घेतली. त्यांनी या साधनाला क्लबमध्ये आणि कोचच्या हाताखाली ठेवलं. 1981 पासून वर्ल्ड गेम्समध्ये, म्हणजे ऑलिम्पिकबाहेरच्या खेळांच्या जागतिक स्पर्धेत, ट्रॅम्पोलिन आलं, पण ऑलिम्पिकचं दार बंदच होतं. अखेर आपला वेगळा महासंघ विसर्जित करून 1999 पासून हा खेळ आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघात सामील झाला, आणि 2000 मध्ये सिडनीला पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये खेळला गेला. पुरुषांत 12, स्त्रियांत 12, एवढेच खेळाडू. दोन्ही सुवर्णपदकं रशियाला: अलेक्झांडर मोस्कालेन्को आणि इरिना कारावायेवा. जॉर्ज निसेन तेव्हा 86 वर्षांचे होते आणि तिथे हजर होते. गॅरेजमध्ये बनवलेली वस्तू ऑलिम्पिकच्या मैदानात पाहायला मिळणं किती जणांच्या नशिबी असतं? 2010 मध्ये ते गेले.

कारावायेवाची आणखी एक हकिगत मी शिकवताना मुलांना हमखास सांगते. 2001 च्या जागतिक स्पर्धेत तिला सुवर्ण मिळालं, पण ते पंचांच्या चुकीमुळे मिळालं होतं. तिने ते पदक जर्मनीच्या अ‍ॅना डोगोनाड्झेला देऊन टाकलं. हीच डोगोनाड्झे 2004 ला अथेन्समध्ये ऑलिम्पिक विजेती झाली. पंच म्हणून मला या हकिगतीतून दुसरंही काही दिसतं. तेव्हा सगळा निकाल माणसाच्या डोळ्यांवर होता. खेळाडू दहा उड्यांचं रुटीन करायचा, पंच काठिण्य मोजायचे आणि सफाईचे गुण द्यायचे. उंची मात्र नुसती नजरेने. साहजिकच खेळाडू उंचीकडे दुर्लक्ष करून जास्तीत जास्त कोलांट्या आणि गिरक्या कोंबायला लागले. उडी बुटकी, वळणं भरमसाट, उतरताना शरीर वेडंवाकडं. खेळाची शानच जात चालली होती.

2011 पासून त्यावर इलाज झाला. खेळाडू दहा उड्यांत एकूण किती वेळ हवेत राहिला हे यंत्र मोजतं आणि तितके सेकंद थेट गुणांत मिळवले जातात. 17.3 सेकंद हवेत, तर 17.3 गुण. ऑलिम्पिकमध्ये ही पद्धत पहिल्यांदा 2012 ला लंडनमध्ये वापरली गेली. या गुणामागचं गणित बघा, म्हणजे त्याची किंमत कळेल. वरच्या दर्जाचा पुरुष खेळाडू एका उडीत सुमारे 1.8 सेकंद हवेत असतो. अर्धा वेळ वर जाण्यात, अर्धा खाली येण्यात. 0.9 सेकंदांत गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने शरीर जवळपास 4 मीटर वर उचललं जातं. ट्रॅम्पोलिनचं कापडच जमिनीपासून 1.15 मीटरवर असतं, त्यावर उभ्या माणसाची उंची धरा, म्हणजे डोकं 7 मीटरच्या आसपास पोचलं. दोन मजल्यांच्या घराची गच्ची. तिथून परत येताना वेग ताशी 30 किलोमीटरच्या वर. आता तोच खेळाडू थकला आणि उडी 1.6 सेकंदांवर आली, तर उंची 3.1 मीटर. सेकंदाच्या पाचव्या भागाने 80 सेंटिमीटरहून जास्त उंची गेली, आणि असं दहाही उड्यांत झालं तर 2 गुण. एवढ्यात पदकं इकडची तिकडे होतात.

2017 च्या नियमांपासून आणखी एक मोजणी आली: कापडाच्या मधोमध आखलेल्या चौकोनापासून खेळाडू किती भरकटला. मधल्या जागेत उतरला तर काही वजा नाही, जितका कडेला जाईल तितकी कपात. टोकियो हे या नियमाचं पहिलं ऑलिम्पिक. म्हणजे आज चार गोष्टींची बेरीज होते: सफाई, काठिण्य, हवेतला वेळ आणि जागेवरचा ताबा. सफाईत पंच प्रत्येक उडीला 0.1 ते 0.5 पर्यंत गुण कापतात; पाय सुटले, बोटं ताणलेली नाहीत, हात लोंबले, सगळं दिसतं. काठिण्यात एक पूर्ण कोलांटी 0.5, दुहेरी 1.0, तिहेरी 1.6, अर्ध्या गिरकीमागे 0.1. फायनलला दहा उड्या वेगवेगळ्या असाव्या लागतात, मध्ये थांबायचं नाही, आणि शेवटी दोन्ही पायांवर सुमारे 3 सेकंद निश्चल उभं राहायचं. माझ्या मते हे शेवटचे तीन सेकंदच सगळ्यांत कठीण. दहा उड्यांचा जोर अंगात असतो आणि खालचं कापड अजून थरथरत असतं.

कापडाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण हा खेळ बदलला तो बराचसा त्याच्यामुळे. निसेनचं कॅनव्हास अखंड होतं. ते खाली जाताना हवा अडायची, उसळी मंद व्हायची. मग नायलॉनच्या पट्ट्या उभ्या-आडव्या विणून बेड (उड्या मारायचं कापड) आले, आपल्या जुन्या नवारीच्या पलंगासारखे. पट्ट्यांच्या फटींतून हवा निघून गेली आणि उंची वाढली. पट्ट्या बारीक होत गेल्या आणि आज स्पर्धेच्या बेडची वीण काही मिलिमीटर जाडीच्या दोऱ्यांची असते. बेड 4.28 मीटर लांब, 2.14 मीटर रुंद, आणि कडेने शंभराहून जास्त स्प्रिंगा. 1964 च्या विजेत्यांना आजच्या बेडवर सोडलं असतं, तर तेही दचकले असते. पार्कमधल्या चौकोनांत आणि या बेडमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. पार्कमध्ये तरबेज झालेलं मूल स्पर्धेच्या बेडवर पहिल्याच उडीत घाबरतं, आणि तसं घाबरणं योग्यच आहे.

सिडनीनंतरचा हिशेब थोडक्यात. 2008 ला बीजिंगमध्ये चीनने दोन्ही सुवर्णं नेली. चीनच्या डाँग डाँगने 2008 ते टोकियो सलग चार ऑलिम्पिकमध्ये पदक मिळवलं, त्यातलं लंडनचं सुवर्ण. कॅनडाची रोझी मॅक्लेनन 2012 आणि 2016 अशी दोनदा जिंकली. बेलारूसचा इव्हान लित्विनोविच टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे पहिला आला. पॅरिसला स्त्रियांत जिंकली ब्रिटनची ब्रायोनी पेज, आधी रौप्य आणि कांस्य घेतलेली, तिशी ओलांडलेली. ऑलिम्पिकमध्ये आता दोन्ही गटांत 16-16 खेळाडू असतात. आशियाई स्पर्धांत ट्रॅम्पोलिन 2006 च्या दोहापासून आहे. भारतातून ऑलिम्पिकच्या ट्रॅम्पोलिनमध्ये अजून कुणी उतरलेलं नाही. आपल्याकडे हा प्रकार जिम्नॅस्टिक्सच्याच छत्राखाली चालतो.

आता तुमची मुलगी. मल्लखांबाची मुलं मला ट्रॅम्पोलिनवर बघायला आवडतात. उलटं लोंबकळायची भीती गेलेली असते, पोट आणि पाठ घट्ट असते, पाय ताणायची सवय असते. पण दोन गोष्टी मोडून पुन्हा बसवाव्या लागतात. पहिली, मल्लखांबावर शरीराचा कुठला ना कुठला भाग लाकडाला चिकटलेला असतो. पकड हाच आधार. हवेत पकडायला काही नाही. अशी मुलं सुरुवातीला हात शोधत राहतात आणि त्यामुळे खांदे वाकडे होतात. दुसरी गोष्ट म्हणजे उतरणं. मल्लखांबावरून मॅटवर येताना गुडघे वाकवून धक्का खायचा असतो. ट्रॅम्पोलिनवर गुडघे वाकवणं म्हणजे ब्रेक लावणं. उसळी हवी असेल तर कापड खाली जाताना पाय सरळ ताणून दाबायचं, हात कानाजवळून वर न्यायचे, नजर बेडच्या टोकावर. थांबायचं असेल तर टेकताच गुडघे आणि कंबर सैल करून सगळा जोर गिळायचा. हा ब्रेक मी सगळ्यांत आधी शिकवते. 'थांब' म्हटल्यावर मूल एका टेकीत थांबलं नाही, तर त्याला पुढचं काहीही नाही. त्यानंतर सरळ उडी, टक उडी (गुडघे छातीशी घेऊन), सीट ड्रॉप (पाय सरळ ठेवून बसत्या स्थितीत उतरणं), पाठीवर आणि पोटावर उतरणं, अर्धी गिरकी. कोलांटी बऱ्याच उशिरा, आणि तीही आधी कमरेला हार्नेस बांधून.

मुलीला घालायला अडचण वाटते ती आपल्याकडे जागेची. स्पर्धेच्या ट्रॅम्पोलिनला छत किमान 8 मीटर उंच हवं, आणि तेवढ्या उंचीचा हॉल, त्यात स्पर्धेच्या मापाचं ट्रॅम्पोलिन आणि शिकवणारा, हे तिन्ही एकत्र मिळायला वेळ लागतो. म्हणून माझा सल्ला असा. आधी तिला चांगल्या जिम्नॅस्टिक्स वर्गात घाला जिथे ट्रॅम्पोलिन सरावाचं साधन म्हणून आहे. मल्लखांब सोडवू नका. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. वर्ग बघायला जाल तेव्हा कोचला पदकांबद्दल विचारण्याआधी अर्धा तास बाकावर बसून बघा. एका बेडवर एकच मूल आहे का? चारही बाजूंना, स्प्रिंगांवर आणि दोन्ही टोकांच्या मागे जाड मॅट आहेत का? बाजूला लक्ष ठेवणारी मोठी माणसं उभी आहेत का, की मोबाइल बघत बसली आहेत? नवीन मूल पहिल्या आठवड्यात कोलांटी मारत असेल, तर उठून घरी या.

तुमच्या मुलीने एकदा दहा सरळ उड्या मधल्या चौकोनात मारून दाखवल्या आणि 'थांब' म्हटल्यावर हलली नाही, की ती तयार आहे असं समजा. सासऱ्यांनाही त्या दिवशी बोलवा. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच आजोबांनी वर्ग पाहिल्यावर दुसरा प्रश्न विचारलाय: गुडघ्यांना काही होणार नाही ना? त्याचंही उत्तर देऊन ठेवते. वाढत्या वयात आठवड्यातून दोन-तीन दिवस, मोजका वेळ, आणि थकलेल्या मुलाला बेडवरून खाली उतरवणारा कोच, एवढं सांभाळलं तर गुडघ्यांवर जमिनीवरच्या उड्यांपेक्षा कमीच ताण येतो. मुलीचे गुडघे, घोटे किंवा पाठ आधीपासून दुखत असेल, तर मात्र आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा, मग प्रवेश घ्या.